प्रकल्प नोंदी: १९६५ ची मस्टँग आणि २०१८ चा पिकअप

११ जानेवारी २०२५

आजपासून दोन्ही गाड्या एकाच छपराखाली. माझी १९६५ ची फोर्ड मस्टँग, दोन दारांची हार्डटॉप, आणि दादाचा २०१८ चा फोर्ड एफ-१५०, चार दारांचा, फोर व्हील ड्राइव्ह. दोन्हींत व्ही-८ इंजिन. मस्टँगचं २८९ घनइंच म्हणजे ४.७ लिटर, पिकअपचं ५ लिटर. इंजिनांचे आकार जवळजवळ सारखे आणि मधे त्रेपन्न वर्षं, म्हणून ही जोडी तुलनेला उत्तम.

दादाचं म्हणणं ठरलेलं आहे: जुनी गाडी म्हणजे साधं यंत्र, नवी म्हणजे चाकांवरचा संगणक. मला ही वाटणी पटत नाही. गाडीला सोडवायची गणितं तेव्हाही हीच होती. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, जोर कुठल्या चाकावर किती द्यायचा. फरक आहे तो ही गणितं कोण सोडवतं आणि कुठे सोडवतं यात. या नोंदींत प्रत्येक कामाला हाच प्रश्न विचारायचा आहे. कोणती गाडी भारी, हा प्रश्न बाजूला.

पहिलं काम चासी नंबर वाचण्याचं. मस्टँगचा नंबर ‘५एफ०७सी’ने सुरू होतो. ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्न कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) २८९ इंजिन. एवढ्यात गाडीची कुंडली संपली. पिकअपचा नंबर सतरा अक्षरांचा. त्यातलं दहावं अक्षर ‘जे’ (J), म्हणजे २०१८, आणि अकरावं ‘एफ’. तोही डिअरबॉर्न! तिथल्या रूज संकुलात २००४ पर्यंत मस्टँग बनत होती. ती असेंब्ली लाइन बंद झाली आणि त्याच वर्षी त्याच संकुलात पिकअपचा नवा कारखाना सुरू झाला. दोघी एकाच अंगणातल्या निघाल्या याचा आज फार आनंद झाला.

१२ जानेवारी

मापं घेतली. मस्टँग ४.६१ मीटर लांब, १.७३ मीटर रुंद, उंची १.३ मीटर. पिकअप ५.८९ मीटर लांब, आरसे सोडून २.०३ मीटर रुंद, १.९६ मीटर उंच. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.७४ आणि ३.६८ मीटर. वजनकाट्यावर मस्टँग साधारण १,३०० किलो, पिकअप २,२०० च्या जरा वर. पुढच्या सगळ्या हिशेबांना ही वजनं लागतील.

२५ जानेवारी

थंडीतली सुरुवात. दोन्ही गाड्या रात्रभर बाहेर ठेवल्या होत्या.

पिकअपला चावी फिरवण्यापलीकडे काही करावं लागत नाही. कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचा संगणक, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचतं, त्यावरून पेट्रोल वाढवतं, आयडल (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग) चढवतं आणि ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा पाडतं, म्हणजे धूर गरम राहतो आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो. काही मिनिटांत सगळं आपोआप मूळ पदावर.

मस्टँगला आधी ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडावा लागतो. त्या एका दाबात दोन गोष्टी होतात. कार्ब्युरेटरमधला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो, आणि हवा रोखणारी चोकची झडप मोकळी होऊन बंद होते. ती किती बंद व्हावी हे ठरवते दोन धातूंची गुंडाळलेली स्प्रिंग. थंडीत ती आखडते, झडप घट्ट मिटते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून आलेल्या गरम हवेने ती सैल होते, झडप उघडत जाते. म्हणजे तापमानाचा सेन्सर आहेच, फक्त तो धातूचा आहे आणि त्याचं उत्तर थेट झडपेला जोडलेलं आहे.

झाकण काढून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग, दादाला दाखवला. खाली दोन वजनं, त्यांना दोन स्प्रिंगा. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. बाजूला पडद्याची डबी, तिला नळीने इंजिनची ओढ (व्हॅक्यूम) पोचते. आरामात चालताना ओढ जास्त, ठिणगी आणखी लवकर. पाय दाबला की ओढ पडते, ठिणगी मागे येते. एक मोजणी वेगाची, दुसरी भाराची. पिकअपच्या कंट्रोल युनिटमधल्या ठिणगीच्या तक्त्याचे मुख्य दोन रकानेही हेच, वेग आणि भार.

दादा बराच वेळ ती वजनं बोटाने हलवत बसला. मग म्हणाला, “म्हणजे हाही संगणकच की रे.” मी मान डोलावली. पण या संगणकाला ठोका (नॉक, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी भडकल्याचा आवाज) ऐकू येत नाही. पिकअपच्या इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेले असतात. ठोक्याची चाहूल लागली की ठिणगीचं टायमिंग त्या क्षणी मागे घेतलं जातं. मस्टँगमध्ये ते काम चालकाच्या कानाचं. ठोका ऐकू आला तर पाय हलका करायचा, गिअर उतरवायचा, घरी येऊन टायमिंग बघायचं.

यावरून आठवलं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते. माझ्या इंजिनाचं ९.३ ला १, पिकअपचं १२ ला १, आणि तरी ते साध्या पेट्रोलवर चालतं. १९६५ साली १२ म्हणजे रेसच्या गाडीचा आकडा. इथे तो रोजच्या वापरात झेपतो कारण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते, आणि वर नॉक सेन्सरचा पहारा असतो.

२६ जानेवारी

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, घासून गॅप ०.४३ मिलिमीटरला लावला, टायमिंग ६ अंशांवर. फिलर गेज आणि टायमिंग लाइट, बाकी काही लागलं नाही.

८ फेब्रुवारी

ताकदीचा हिशेब. कागदावर मस्टँग २०० अश्वशक्ती, पिकअप ३९५. लोक हे दोन आकडे शेजारी लिहून मोकळे होतात. ते चूक आहे, कारण दोन्ही आकडे वेगळ्या पद्धतीने मोजलेले आहेत. १९६५ चा आकडा ‘ग्रॉस’. इंजिन स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरसारखी ओझी नाहीत, अशा अवस्थेतला. अमेरिकी कंपन्यांनी १९७१-७२ च्या सुमारास ‘नेट’ पद्धत घेतली, म्हणजे गाडीत बसवल्यावर जसं असेल तसं इंजिन मोजायचं. त्या काळातल्या गाड्यांचे आकडे एका वर्षात कोसळलेले दिसतात त्यामागे हे मोठं कारण आहे. त्यामुळे माझ्या २०० तली खरी किती उरते, याचा आकडा मी इथे लिहिणार नाही. २०० पेक्षा बरीच कमी, एवढं नक्की.

गिअरचा हिशेब मात्र स्वच्छ मांडता येतो आणि माझ्या मते तोच जास्त सांगून जातो. मस्टँगला चार गिअर. पहिला २.७८, मागचा ॲक्सल ३.००, गुणाकार ८.३. पिकअपला दहा गिअर. पहिला ४.६९६, ॲक्सल ३.५५, गुणाकार १६.७. म्हणजे इंजिनाचा पीळ (टॉर्क) पिकअपमध्ये चाकापर्यंत दुप्पट होऊन पोचतो. आणि मुळातला पीळही मोठा, ५४२ न्यूटन मीटर. मस्टँगचा ग्रॉस आकडा ३८२.

दुसऱ्या टोकाला गेलं तर दहावा गिअर ०.६३६. ताशी १०० किलोमीटरला पिकअपचं इंजिन दीड हजारांच्या आसपास फिरतं, मस्टँगचं अडीच हजारांच्या. ९०० किलो जास्त वजन घेऊनही पिकअप लिटरला जास्त अंतर जातो. अमेरिकी सरकारच्या चाचणीतला त्याचा सरासरी आकडा १८ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला सुमारे साडेसात किलोमीटर. माझी गाडी साडेसहाच्या आसपास घुटमळते. नवीन इंजिन हुशार आहे हे खरं, पण यातला मोठा वाटा त्या गिअरबॉक्सचा आहे.

मस्टँगमध्ये गिअर कधी बदलायचा हे मी ठरवतो. पिकअपमध्ये दादा ते ठरवू शकतो, पण दहा गिअर सतत हाताने बदलत बसणं माणसाला शक्यच नाही. ते गिअर ठेवलेच आहेत यंत्राने बदलण्यासाठी.

१५ फेब्रुवारी

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दोन्ही गाड्यांवरून फिरवला. पिकअपवर तो कुठेच चिकटला नाही. २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० ची बॉडी आणि हौदा ॲल्युमिनियमचा आहे. चेसिस पोलादाची, वेगळी, शिडीसारखी. बॉडी वरून बसवलेली. कंपनीने तेव्हा वजन ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३१८ किलो कमी झाल्याचं जाहीर केलं होतं. पॅनेल रिव्हेट आणि चिकट पदार्थाने जोडलेले. असा पॅनेल दुरुस्त करायचा तर पोलादाची हत्यारं चालत नाहीत, लोखंडाचा कीसही लागू द्यायचा नाही, कारण दोन धातू एकत्र आले आणि ओल मिळाली की ॲल्युमिनियम खायला लागतं.

मस्टँगवर चुंबक छान चिकटत गेला. डाव्या मागच्या चाकावरच्या कमानीवर मात्र सुटला. तिथे रंगाखाली पुट्टी आहे, जाड. आधीच्या कुणीतरी गंज कापून न काढता वरून भरलेली. या गाडीत वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे गंज हा दिसण्याचा प्रश्न उरत नाही, ताकदीचा होतो. विंडशील्डखालची हवेची पेटी टॉर्चने आतून पाहिली; ती सुदैवाने कोरडी. जुनी मस्टँग घेणाऱ्याने सर्वांत आधी तिथे पाणी ओतून पाय ठेवायच्या जागी ओल येते का बघावं.

या वयातही पत्रा मिळतो ही मोठी गोष्ट आहे. कमान, फ्लोअर, दारं, अगदी पूर्ण नवी बॉडीसुद्धा आज बनवून मिळते. पिकअपचा पत्रा साठ वर्षांनी मिळेल असं मी मानतो. त्याचे मॉड्यूल मिळतील का, आणि मिळाले तर ते गाडीशी जुळवून घ्यायचं सॉफ्टवेअर कुणाकडे असेल, याची मला खरी काळजी वाटते.

८ मार्च

ब्रेक. या तुलनेतला सर्वांत गंभीर भाग, म्हणून रिकाम्या आवारात, दोघांनी मिळून, पूर्ण दिवस.

आधी कागदावर. ताशी १०० किलोमीटरला मस्टँगमधली गतिज ऊर्जा साधारण ५०० किलोज्यूल, पिकअपमधली ८५०. थांबायचं म्हणजे एवढी सगळी उष्णता चार चाकांत जिरवायची.

माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत, २५४ मिलिमीटरचे. डिस्क तेव्हा पुढच्या चाकांना पर्याय म्हणून मिळत, या गाडीला नाहीत. पायाचा जोर वाढवणारा सर्वो नाही, पायाचा जोर तेवढाच. ड्रमची रचना मात्र सुंदर आहे. फिरता ड्रम आतल्या शू ला (लायनर लावलेल्या कमानीला) आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळे शू स्वतःहून आणखी दाबला जातो. पहिल्या ब्रेकला गाडी चांगली थांबते. दादाला त्याचं आश्चर्य वाटलं. पण तापला की ड्रम फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. लागोपाठ थांबत गेलो तसं पेडल खाली खाली जाऊ लागलं, गाडी किंचित उजवीकडे ओढू लागली, जळक्या लायनरचा वास आला. तिथे चाचणी थांबवली.

पिकअपच्या पुढच्या डिस्क ३५० मिलिमीटरच्या. डिस्क तापून फुगते ती पॅडच्या दिशेने, आणि उघड्यावर असल्याने लवकर निवते. तेवढेच थांबे, तेवढ्याच वेगावरून. पेडल जागचं हललं नाही. ओल्या भागावर पूर्ण दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस गुरगुरलं आणि गाडी सरळ राहिली. मस्टँगमध्ये चाक लॉक झालं तर पाय सैल करून पुन्हा दाबणारा मीच.

ही जागा अशी आहे की निर्णय यंत्राकडे गेला याचं मला मनापासून समाधान आहे. प्रत्येक चाक वेगळं मोजून सेकंदाला अनेक वेळा दाब बदलणं कुठल्याही पायाला जमणार नाही.

आणखी एक. मस्टँगचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा भाग, एकाच खणाचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून दुहेरी सर्किट सक्तीचं झालं. मस्टँगमध्ये ते १९६७ च्या मॉडेललाच आलं. माझ्या गाडीला ते बसवायचंच. मूळपण जपण्याचा हट्ट इथे चालणार नाही.

२२ मार्च

कोण किती दिसतं. एक मीटर उंचीची काठी घेतली, लहान मुलाच्या उंचीची. पिकअपच्या बंपरजवळ उभी केली आणि आळीपाळीने चालकाच्या सीटवर बसलो. दिसली नाही. दादा ती हळूहळू लांब नेत गेला, तरी बराच वेळ दिसली नाही. मस्टँगसमोर, बंपरजवळच, तिचं टोक दिसत होतं. मस्टँगच्या बॉनेटची पुढची कड माझ्या कमरेखाली येते, पिकअपची छातीला लागते.

दादा गप्प झाला. त्याच्या घरी लहान मुलं आहेत.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट ४० इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १०२ सेंटीमीटरपेक्षा उंच असेल, तर धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. उंच बॉनेट पायांऐवजी छाती-डोक्यावर आदळतं. समोरचा कॅमेरा मदत करतो, पण तो हळू चालताना, आणि तेही बघितला तर.

आतल्या माणसांचं पारडं मात्र उलट आहे, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं. मस्टँगचे छताचे खांब बारीक आहेत म्हणून चहूकडे दिसतं. पण गाडी उलटली तर छत तोलणारेही तेच बारीक खांब. कमरेपुरता पट्टा. स्टेअरिंगचा दांडा सलग, धडकेत दुमडणारा नाही, थेट छातीच्या रोखाने. याच संस्थेने २००९ साली १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर अर्धवट धडकवली होती. जुन्या गाडीत चालकाची जागाच उरली नाही, नव्या गाडीची केबिन टिकली. त्यात जुनी गाडी वजनाने कमी नव्हती. माझ्या गाडीची गाठ तर तिच्यापेक्षा ९०० किलो जड पिकअपशी पडू शकते.

दोघांनाही त्या रात्री नीट जेवण गेलं नाही.

५ एप्रिल

ऑइल. मस्टँगला ४.७ लिटर, पिकअपला ८.३.

जुन्या इंजिनात झडपा उघडणाऱ्या कॅमवर सपाट टॅपेट घासतात. तिथे धातूला धातू लागू न देण्याचं काम ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं मिश्रण करतं. फॉस्फरस कन्व्हर्टर खराब करतो म्हणून पातळ ग्रेडच्या नव्या ऑइलमध्ये तो ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवलेला असतो. पिकअपला ते योग्य, माझ्या कॅमला कमी. जस्त जास्त असलेलं, जुन्या इंजिनासाठीचं ऑइल घेतलं. पिकअपचे ५डब्ल्यू-२० चे डबे वेगळ्या फळीवर ठेवले.

१७ मे

कडक ऊन. मस्टँग अर्धा तास चालवून बंद केली, दहा मिनिटांनी सुरू होईना. पेट्रोलची वाफ. पंप इंजिनवरच आहे, तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं, आणि इथेनॉल मिसळलेलं त्याहून लवकर. पिकअपचा पंप टाकीतच बुडालेला, तो ढकलतो. दाबाखालच्या नळीत वाफेला जागाच नाही.

बॉनेट उघडून निवेपर्यंत थांबलो. नळी एक्झॉस्टपासून लांब वळवायची आणि तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवायचं. रबरी तुकडे इथेनॉल सहन करणारे घालायचे.

त्याच वेळी मस्टँगच्या मागे उभं राहून श्वास घेतला तर डोळे चुरचुरले. पिकअपमागे काही जाणवत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार आजच्या नव्या गाड्या आणि पिकअप १९७० च्या मॉडेलपेक्षा नेहमीच्या प्रदूषकांच्या बाबतीत सुमारे ९९ टक्के स्वच्छ आहेत. माझी गाडी १९७० च्याही आधीची. तिला मी महिन्यातून थोडीच चालवतो आणि तेवढीच चालवावी असं माझं मत आहे.

७ जून

ट्रेलरवर मस्टँग चढवून पिकअपने घाटातून आणली. उतारावर टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सोय) लावला, तर गिअर आपोआप खाली येऊन इंजिनच ब्रेकचं काम करू लागलं. दादा एका हाताने स्टेअरिंग धरून गप्पा मारत होता. हे काम माझ्या गाडीला कोणत्याही काळात जमलं नसतं. पिकअपचं खरं कौतुक इथे आहे; रिकामा हौदा घेऊन एकट्याने गावात फिरण्यात नाही.

२१ जून

दुहेरी खणांचा मास्टर सिलिंडर बसवला. पुढच्या आणि मागच्या चाकांचे पाइप वेगळे केले, जुने सगळे बदलले. तीन टोकांचे सीट बेल्ट येऊन पडलेत, ते पुढच्या महिन्यात. पॉइंट मात्र ठेवणार. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलं आहे, पण पॉइंट बिघडले तर हळूहळू बिघडतात आणि रस्त्याच्या कडेला नीट करता येतात. त्यात कुणाच्या जिवाचा प्रश्न नाही.

मग ब्रेकमधली हवा काढली. सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. दादा सीटवर, मी गाडीखाली.

“दाब.”

“दाबलं.”

“धर. सोडू नकोस.” निपल सैल, बुडबुडे, निपल बंद. “आता सोड.”

पिकअपमध्ये एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर एवढ्यावर भागत नाही. स्कॅनर लावून आतल्या झडपा आणि पंप चालवावे लागतात. दादाने तो स्कॅनर मागवला आहे. त्याच्या गाडीचं ब्रेक ऑइल बदलायला झालंय, आणि त्या वेळी गाडीखाली तो असेल, सीटवर मी.

मस्टँगचं पेडल आता वरच्या वर धरतं. आवारात कमी वेगाने थांबवून बघितली, सरळ थांबली. उजवीकडे ओढत होती त्याचं कारण डाव्या पुढच्या चाकाच्या सिलिंडरचा अडकलेला पिस्टन, तोही बदलला. तापलेल्या ब्रेकची चाचणी नवे लायनर बसल्यावर, ८ मार्चला जिथे केली त्याच आवारात, त्याच वेगावरून.